नाव तेवढं छापू नका

माणसाचं नाव सोडून बाकी सगळं छापायचं आणि वर गुप्तता पाळली म्हणून मिशीला पीळ द्यायचा, ही कला आमच्या वर्तमानपत्राइतकी जगात कुणाला साधली नसेल. मी तिथे राशिभविष्य लिहायचो. अख्ख्या अंकात तेवढा एकच मजकूर प्रामाणिक होता, कारण तो मनाने रचलेला असतो हे वाचणाऱ्यालाही माहीत असायचं. बाकीची पानं लोक खरी समजून वाचत, बिचारे.

आमच्या संपादकबाई म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांचं एकच म्हणणं असायचं, बातमीत माणूस दिसला पाहिजे. ‘एका अधिकाऱ्याने सांगितले’ एवढंच लिहून कुणी कागद पुढे केला की तो त्या दोन बोटांनी उचलत, ओलं फडकं उचलावं तसा, आणि म्हणत, "हा अधिकारी आहे की विजेचा खांब? याला नाक नाही, डोळे नाहीत? नाव नको म्हणतो ना, नको देऊ. पण मला माणूस दे."

आणि माणूस दिला जायचा. सगळ्यात झोकात द्यायचा तो आमचा मुख्य बातमीदार. त्याला आम्ही अटीवाला म्हणायचो, कारण त्याची प्रत्येक बातमी ‘नाव न सांगण्याच्या अटीवर’ या शब्दांनी सुरू व्हायची. स्वयंपाक येत नसलेला माणूस जसं सगळ्यात तिखट घालतो, तसं.

एकदा न्यायालयातल्या कुणा कारकुनाने त्याला आतली गोष्ट सांगितली. अटीवाल्याने छापलं, ‘नाव न सांगण्याच्या अटीवर, ज्यांच्या कोटाचं दुसरं बटण कित्येक वर्षं तुटलेलं आहे अशा एका कर्मचाऱ्याने ही माहिती दिली.’ दुपारपर्यंत तिथे सगळ्यांना रांगेत उभं करून बटणं तपासली गेली. कारकून सापडला. पुढे वीज खात्यातल्या एका गृहस्थांचं असंच झालं. ‘शिंक आली की खोलीतल्या प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागणारे वरिष्ठ अधिकारी’ असं छापून आलं आणि त्यांची बदली डोंगरावरच्या उपकेंद्रात झाली. तिथे शेळ्यांशिवाय कुणी नाही. ते आता शेळ्यांची माफी मागतात असं ऐकतो.

अटीवाल्याला विचारलं तर म्हणायचा, "मी कुठे नाव घेतलं? मी शब्द पाळला."

मग शहराने हाय खाल्ली. अटीवाला एखाद्या कचेरीचा जिना चढू लागला की वर सगळे पासपोर्टच्या फोटोसारखे बसायचे. कुणी कान खाजवेना, कुणी गुणगुणेना, कुणी चहात जास्त साखर मागेना. सवय म्हणून कुणाकडे काही उरलं नाही. मोजणी खात्यातल्या एका बाईंच्या गालावरचा जन्मापासूनचा तीळ त्या दिवसांत नाहीसा झाला. खोटं वाटत असेल तर वाटू दे, मी तीळ होता तेव्हाही पाहिला आहे आणि नव्हता तेव्हाही.

बातम्या आटल्या. मुख्य बातमीदार हरवलेल्या छत्र्यांच्या चार ओळी लिहू लागला. अशा वेळी त्याच्या घरातच बातमी शिजली.

अटीवाला राहायचा मोठ्या भावाकडे. भाऊ, म्हणजे दादा, नाटकांना प्रकाशयोजना करणारा; उंच शिडीवरून पडला आणि कंबर गेली, तेव्हापासून खाटेवर. घर चालायचं वहिनीच्या नोकरीवर. वहिनी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. राहायची जागाही खात्याचीच, म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही त्याच दिवशी जाणार. अटीवाल्याच्याही डोक्यावरचं. पण हे तो सोयीने विसरायचा.

त्या संध्याकाळी वहिनी गॅसवर पाण्याचं मोठं पातेलं चढवत होती. महिनाभर त्या घरात पाणी उकळल्याशिवाय कुणी घोट घेतला नव्हता, आणि शहराची खबर काढणाऱ्या आमच्या हिऱ्याला ‘का’ असं विचारावंसं वाटलं नव्हतं.

"भाऊजी, एक सांगायचंय," वहिनी म्हणाली. "पण तुम्हाला सांगण्यापेक्षा दवंडी पिटलेली बरी."

"वहिनी, मी घरातला माणूस."

"त्याचीच तर भीती. घरातल्याला माझं सगळंच माहीत."

खाटेवरून दादा म्हणाला, "सांगू नकोस ग. उद्या येईल छापून, नाव न सांगण्याच्या अटीवर, जिच्या नवऱ्याची कंबर गेली आणि जीभ राहिली अशा एका महिलेने."

"दादा, तू गप्प बस."

"मी तेवढंच करू शकत नाही रे. बाकी सगळं पडून करतो."

वहिनीने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि सांगितलं. पाण्यात जंतुनाशक सोडणारं यंत्र बंद पडलं होतं. मोठे साहेब, म्हणजे खात्याचे मुख्य अभियंता, ते वर कळवत नव्हते. यंत्र त्यांनीच निवडलेलं, आणि बढतीची वेळ जवळ आलेली. वरच्या कचेरीत तपासणीसाठी ज्या बाटल्या जायच्या त्यांत साहेब दुकानातलं सीलबंद पाणी भरायला लावत आणि वहिनीला त्यावर नळाच्या पाण्याची चिठ्ठी चिकटवायला सांगत. तीन शाळांतली मुलं पोट धरून घरी बसली होती.

"हे छापा," वहिनी म्हणाली. "यंत्र सुरू झालं पाहिजे. पण माझं नाव नको, आणि वर्णन तर मुळीच नको. माझी सावलीसुद्धा नको."

"वहिनी, शब्द देतो."

"तो बटणवाल्यालाही दिला होतात."

यावर अटीवाला जरा लाजला. म्हणजे मला नंतर त्यानेच तसं सांगितलं. पाहिलं मी नाही, आणि त्याच्यावर विसंबून लाजेची बातमी मी देणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बातमी संपादकबाईंपुढे ठेवली. बाईंनी वाचली, डोळे चमकले, आणि मग तोच ओल्या फडक्याचा चेहरा.

"हे सांगितलं कुणी? खांबाने?"

"बाई, या वेळी वर्णन नको. शोधून काढतील."

"मग आतल्या पानावर जाईल. छत्र्यांशेजारी. निनावी, बिनचेहऱ्याची बातमी पहिल्या पानावर मी लावत नाही. वाचक विश्वास कशावर ठेवणार?"

आता हा पेच बघा. छत्र्यांशेजारची बातमी छत्र्या हरवलेले सोडून कुणी वाचत नाही; यंत्र तसंच बंद राहणार. पहिल्या पानासाठी चेहरा हवा, आणि चेहरा दिला की वहिनी रस्त्यावर. ही बातमी खरी आहे का, दुसऱ्या कुणाला विचारलंस का, त्या बाटल्या बघितल्यास का, हे प्रश्न बाईंनी विचारलेच नाहीत. त्यांना नाक हवं होतं.

अटीवाला माझ्या टेबलाशी येऊन बसला. मी कन्या राशीला प्रवासाचा योग देत होतो.

"काका, खोटा माणूस कसा बनवतात?"

"कशाला हवाय?"

"खऱ्याला लपवायला."

"मी रोज बारा बनवतो," मी म्हटलं. "पण माझ्या माणसांना कुणी शोधायला जात नाही. तुझ्याला जातील. वर्णन देऊच नकोस. बाटल्यांचे फोटो आण, ते लाव पहिल्या पानावर."

"फोटो काढायला आत जावं लागेल."

"बातमीदार आत जातात असं मी ऐकून होतो."

त्याने माझ्याकडे राशिभविष्य लिहिणाऱ्याकडे बघतात तसं बघितलं आणि उठून गेला. तासाभरात त्याने माणूस घडवला. वहिनीच्या अगदी उलट. ती बुटकी, म्हणून हा उंच. ती बाई, म्हणून हा पुरुष. वर बाईंसाठी मसाला: ‘बसण्यापूर्वी रुमालाने खुर्ची झटकणारे, डोळे मिटून बोलणारे आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात म्हणजे बघा अशी करणारे, खात्यातील एक अनुभवी गृहस्थ.’ बाई वाचून म्हणाल्या, "हा माणूस मला दिसतो." बातमी पहिल्या पानावर गेली, आठ कॉलम.

बाईंनाच नव्हे, तो सगळ्यांना दिसला. कारण माणसाला खोटं सुचतं तेही कुठेतरी पाहिलेलंच असतं. अटीवाल्याने आयुष्यात पाणीपुरवठा खात्यातल्या ज्या एकाच पुरुषाची मुलाखत घेतली होती, तो उंच होता, खुर्ची झटकायचा, डोळे मिटायचा आणि ‘म्हणजे बघा’ म्हणायचा. तो म्हणजे खुद्द मोठे साहेब.

वरच्या कचेरीतून दुपारीच हुकूम निघाला. पाण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, यंत्राबद्दल अर्धंही नव्हतं. खात्याची माहिती वर्तमानपत्राला फोडल्याबद्दल मोठे साहेब निलंबित. साहेब कळवळून सांगू लागले, "म्हणजे बघा, मी माझ्याच विरुद्ध कशाला सांगेन?" चौकशी करणाऱ्याने लिहून घेतलं की आरोपीने बोलताना डोळे मिटले होते.

आणि मग लोक त्यांच्या फाटकाशी जमले. फुलांचे गुच्छ घेऊन. शहराची काळजी म्हणून नोकरीवर पाणी सोडणारा सत्पुरुष बघायला. साहेबांनी पडद्याआडून सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, आणि संध्याकाळी बाहेर येऊन पहिला गुच्छ घेतला. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "शेवटी माणसाला मन खातं." कुणाचं मन कुणाला खात होतं हे विचारायला तिथे बातमीदार होता, पण तो पेन तोंडात घालून उभा होता.

संपादकबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. त्यांचं सूत्र स्वतःहून चालत पुढे आलं होतं. त्यांनी वर्तमानपत्रातर्फे जाहीर सत्कार ठरवला, नगराध्यक्षांना बोलावलं. नगराध्यक्षांनी त्याच समारंभात साहेबांना सन्मानाने परत घेतल्याची घोषणा करायची, बढतीसकट. साहेबांनीही उपकाराची फेड केली. बाईंना खास मुलाखत दिली: निलंबित असलो तरी यंत्र मी स्वतः दुरुस्त करून घेतलं, आता पाणी अगदी शुद्ध आहे. बाईंनी छापलं. का नाही छापणार? आधीची बातमी याच माणसाने दिली होती आणि ती खरी निघाली होती, नाही का?

यंत्र बंदच होतं.

वहिनीने पेपर घडी घालून अटीवाल्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"भाऊजी, लिहा की हा तो माणूस नव्हे."

"मग तो कोण, असं विचारतील. तुमच्यापर्यंत येतील वहिनी."

"मग असं लिहा की वर्णन मनचं होतं."

अटीवाल्याचा घास हातातच राहिला. "तसं लिहिलं तर पुन्हा माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?"

"म्हणजे नक्की कुणाला वाचवताय? माझी नोकरी की तुमची शान?"

अटीवाल्याने हातातला घास तोंडात घातला. जरा जास्तच वेळ चावला. खाटेवरून दादा म्हणाला, "उत्तर आलं ग. पुढची भाजी वाढ त्याला."

वहिनीने भाजी वाढली. मग पातेल्याखालचा गॅस बंद करून ती उकळलेल्या पाण्याकडे बघत उभी राहिली. "घरात किती दिवस उकळायचं?" ती म्हणाली. "अख्खं शहर काही माझ्या पातेल्यात मावत नाही."

समारंभ आमच्याच इमारतीच्या सभागृहात झाला. गर्दी इतकी की खिडक्यांच्या चौकटीत माणसं बसली होती. तिसऱ्या रांगेत वहिनी, आणि तिच्या शेजारी, बातमी घ्यायला म्हणून, अटीवाला. व्यासपीठावर संपादकबाई, नगराध्यक्ष आणि साहेब. साहेबांनी खिशातून रुमाल काढून खुर्ची झटकली, तर टाळ्या पडल्या. डोळे मिटले, तर पुन्हा टाळ्या. माणूस आपल्या वर्णनावर इतका खूष झालेला मी दुसरा पाहिला नाही.

"म्हणजे बघा," साहेब म्हणाले, "आपलं पाणी आज इतकं शुद्ध आहे की मी म्हणेन, डोळे मिटून प्या."

वहिनी उठून उभी राहिली. "साहेब, घसा बसलाय तुमचा. घोटभर पाणी घ्या. समोरच ठेवलंय."

साहेबांपुढे पेला होता. नळाच्या पाण्याचा, सभागृहाच्या शिपायाने भरलेला.

"नको, नको. मला गार चालत नाही."

"गार कुठलं? नळाचं आहे."

"घ्या हो साहेब," नगराध्यक्ष म्हणाले. "बाई एवढ्या आपुलकीने सांगतायत." आणि सोबत म्हणून त्यांनी आपला पेला उचलून अर्धा रिकामा केला.

साहेबांचा हात पेल्याकडे गेला, थांबला, आणि सवयीने खुर्चीखालच्या पिशवीत गेला. बाहेर आला तो सीलबंद बाटली घेऊन. दुकानातली. झाकणाचा कट्ट असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. नगराध्यक्षांनी आपल्या पेल्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग पोटावर हात ठेवला.

"त्याच बाटल्या," वहिनी म्हणाली. "याच वर तपासायला जातात. चिठ्ठ्या मी चिकटवते. यंत्र आजही बंद आहे."

"तुम्ही कोण?" संपादकबाईंनी विचारलं.

"सांगते. नाव सांगण्याच्या अटीवरच बोलायला उभी राहिलेय." आणि वहिनीने आपलं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. हुद्दा सांगितला, खात्यातल्या खोलीचा नंबर सांगितला. "पहिली बातमी मी दिली होती. हे साहेब नव्हेत." मग शेजारी वळून म्हणाली, "लिहून घ्या भाऊजी. वर्णन नको."

वहिनी खाली बसली. आपली नोकरी आणि खाटेवरच्या नवऱ्याचं छप्पर ती आत्ताच त्या सभागृहात मांडून बसली होती. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक नळाचं काय काय प्यालो ते आठवत होते.

यंत्र दुसऱ्या दिवशी सुरू झालं. मुलांसाठी नव्हे, नगराध्यक्ष अर्धा पेला प्याले होते म्हणून. रात्रभर ते जिथे बसून होते तिथूनच त्यांनी हुकूम सोडले.

आणि वहिनीची नोकरी? इथे मला खात्यापुढे हात जोडावे लागतात. माहिती फोडल्याबद्दल वहिनीवर कारवाई करायला कागद निघाला खरा, पण वरच्या कचेरीत कुणीतरी फाईल उघडून पाहिली. माहिती फोडणारा आधीच सापडला होता. त्याचं निलंबन झालेलं, त्याने ते जाहीरपणे, गुच्छ घेऊन, मुलाखत देऊन कबूल केलेलं. एका फुटीला दोन गुन्हेगार बसवायची सोय नियमात नव्हती. फाईल बंद झाली. वहिनी कामावर राहिली आणि साहेब घरी गेले, बाटल्यांसाठी नव्हे, तर न केलेल्या प्रामाणिकपणासाठी. आपण कधीही प्रामाणिक नव्हतो हे सिद्ध करायला ते अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तिथे कारकुनांच्या कोटाला आता सगळी बटणं आहेत.

राहता राहिली आमची बातमी. अटीवाल्याने त्यात वहिनीचं नाव लिहिलं होतं, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. संपादकबाईंनी ते खोडलं तेव्हा तो गप्प बसला, हे विरुद्ध बाजूने. बाई म्हणाल्या, "सूत्राचं नाव आपण छापत नाही. तत्त्व आहे." नाव छापलं असतं तर सत्कार कुणाचा केला होतात असं वाचकांनी विचारलं असतं, हे तत्त्वाच्या पोटात कुठेतरी असणार. मी आयुष्यात पाहिलेली बहुतेक तत्त्वं अशीच पोटुशी होती.

सकाळी अंकात ओळ आली: ‘नाव न सांगण्याच्या अटीवर एका महिलेने भर सभेत उभं राहून आपलं नाव सांगितलं.’

वहिनीने ती ओळ दादाला मोठ्याने वाचून दाखवली. दादा इतका हसला की कंबर धरून ओरडला. अटीवाला दारातच चपला हातात घेऊन उभा होता, आत यावं की बाहेर जावं हे न कळून.

"भाऊजी, माझं नाव काय?" वहिनीने विचारलं.

त्याने खाली मान घालून सांगितलं.

"येतं ना? मला वाटलं विसरलात." तिने पिशवी खांद्याला लावली, प्रयोगशाळेची वेळ झाली होती. जिन्यावरून तिने दादाला हाक दिली, "ऐकलं का? भात झाकून ठेवलाय. तुम्ही आधी जेवून घ्या. नाव न सांगण्याच्या अटीवर एका दिराला आज उशिरा मिळणार आहे."